चालू डिस्कची केबल काढून रेड शिकले

फोर-के व्हिडिओ शंभर मेगाबिटला शूट केला तर तासाला 45 जीबी होतो. लग्नाला दोन व्हिडिओ कॅमेरे, दोन फोटोचे, वर ड्रोन. हळद, लग्न, वरात असं सगळं धरलं की एका पार्टीचा डेटा तीनशे-चारशे जीबीच्या पुढे सहज जातो. आमच्या सांगलीच्या स्टुडिओत शूट नवरा बघतो आणि कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर आल्यापासून अल्बम पार्टीच्या हातात पडेपर्यंतचं सगळं माझ्याकडे असतं. कॉपी मारणं, एडिटरला देणं, सिलेक्शनला पाठवणं, आणि तीन वर्षांनी कुणी "आमच्या आजी गेल्या, त्यांचा त्यातला एक फोटो मिळेल का" म्हणत आलं तर तो शोधून देणं.

हे सगळं बरीच वर्षं पोर्टेबल हार्ड डिस्कांवर चाललं. प्रत्येकीवर पांढरी टेप, टेपवर पेनानं महिना. प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन डिस्कांवर ठेवत होतो, त्यामुळे एखादी डिस्क उडाली तरी फोटो जायचे नाहीत. जायचा तो दिवस. मे महिन्यात दोन एडिटर बसलेले, बाहेर पार्टी आलेली आणि मी दुसऱ्या प्रतीवरून तिसऱ्या डिस्कवर चारशे जीबी ओतत बसलेली. त्यात दोन्ही एडिटरना एकाच लग्नावर काम करायचं असलं की डिस्क इकडून तिकडे फिरायची. नेटवर्कवर एकच मोठी जागा हवी, आणि डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढी साधी गरज होती.

आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्यानं कोटेशन दिलं. चार डिस्कांचा नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारी डिस्कांची पेटी, चार डिस्का, आकडा लाखाच्या घरात. त्यात रेड, म्हणजे अनेक डिस्का जोडून त्यांची एकच जागा करायची पद्धत. "वहिनी, रेड फाइव्ह टाकतो, डेटा जायचा विषयच नाही." म्हटलं, जात नाही म्हणजे नक्की काय होतं? तर म्हणाला, "ती टेक्नॉलॉजीच तशी असते." लाखाच्या वस्तूचं एवढं उत्तर मला पुरेना. मी कोटेशन फ्रिजवर लावलं आणि भाच्याला फोन केला. नणंदेचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामी, वाचून काही कळणार नाही. सुट्टीत येतो, जुन्या डिस्का फेकू नकोस."

जुन्या डिस्का आमच्याकडे ढीगभर. त्यातल्या चालू स्थितीतल्या चार निवडल्या: पाचशे जीबीच्या दोन, एक तीनशे वीसची, एक एक टीबीची. बाद केलेला एडिटिंगचा पीसी माळ्यावरून खाली काढला, त्यावर भाच्यानं डेबियन लिनक्स टाकलं आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या अगदी मूळ सेटिंगमध्ये, जाऊन हॉट-प्लग चालू केलं, म्हणजे मशीन चालू असताना डिस्कची साटा केबल काढता-लावता येते. कॅबिनेटचं झाकण उघडं, चारही डिस्का टेबलावर उघड्या मांडलेल्या. अण्णा, म्हणजे माझे सासरे, खुर्ची ओढून बघत बसले. फिल्मच्या काळात हा स्टुडिओ त्यांनी सुरू केला. निगेटिव्हचे डबे अजून त्यांच्या कपाटात नंबरवार आहेत, आणि मशीन बिघडवायला मुद्दाम बसलेली माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत.

सुरुवात रेड झीरोनं केली. पाचशेच्या दोन डिस्का जोडल्या की समोर हजार जीबीची एकच जागा दिसते. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर. एमडीॲडम या लिनक्सवर रेड जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा तुकडा आपण वेगळं काही सांगितलं नाही तर 512 केबीचा असतो. आमची एक रॉ फाइल तीसेक एमबीची, म्हणजे साठ तुकडे, तीस इकडे, तीस तिकडे. दोन्ही डिस्का एकदम लिहितात, म्हणून कॉपीचा वेग जवळपास दुप्पट झाला. मला तर आवडलंच. भाचा म्हणाला, "आता एक केबल काढ."

काढली. गंमत म्हणजे लगेच काहीच झालं नाही. फोल्डरांची नावं तशीच दिसत होती, कारण ती मशीनच्या मेमरीत होती. एका फोटोवर डबल क्लिक केलं आणि एरर आली. दुसऱ्यावर केलं, एरर. मग फोल्डरसुद्धा उघडेनात. अर्ध्या फाइली तरी वाचतील असं मी धरून चालले होते. पण प्रत्येक मोठ्या फाइलचा दर दुसरा तुकडा गेलेला, आणि कुठली फाइल कुठे आहे याची यादीही तशीच दोन्हीकडे विखुरलेली. दोनपैकी एक डिस्क गेली की शंभर टक्के डेटा गेला. डिस्का वाढवाल तसा धोका वाढतो. चार डिस्कांचं रेड झीरो असेल तर चारांपैकी कुठलीही एक गेली तरी कारभार आटोपला. एडिटिंग करताना तात्पुरत्या फाइली टाकायला ही जागा ठीक आहे. मूळ फोटो तिथे ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

मग रेड वन. तीनशे वीस आणि पाचशे अशा दोन वेगळ्या मापांच्या डिस्का मुद्दाम घेतल्या. जागा मिळाली तीनशे वीसचीच, वरचे एकशे ऐंशी जीबी वाया. इथे जे लिहाल ते दोन्हीकडे जसंच्या तसं लिहिलं जातं. एका लग्नाचा लांबलचक व्हिडिओ त्यावर टाकला, बाजूच्या पीसीवरून नेटवर्कनं चालू केला. भटजींचं मंगलाष्टक सुरू झालं आणि मी केबल उपटली. चित्र क्षणभर अडखळलं आणि पुढे चालू राहिलं. अण्णा म्हणाले, "काढलीस ना नक्की?"

भाच्यानं काळ्या स्क्रीनवर एक ओळ काढून दाखवली. चौकटी कंसात आधी दोन इंग्रजी यू शेजारी शेजारी होते, एकेका डिस्कचा एकेक. आता एका यूच्या जागी नुसती खालची रेघ होती. रेडची सगळी तब्येत त्या कंसात कळते. यानंतर मी रोज सकाळी चहाबरोबर तो कंस बघायला लागले ती सवय अजून आहे.

तीच डिस्क परत जोडली. आता सगळं पुन्हा कॉपी होणार, तास-दीड तास लागणार असं मला वाटलं होतं. झालं क्षणात. डिस्क बाहेर असताना कुठल्या भागात काही नवीन लिहिलं गेलं याची खूण रेड स्वतःजवळ ठेवतं आणि परत आलेल्या डिस्कवर तेवढाच भाग दुरुस्त करतं. तिच्या जागी एक टीबीची वेगळीच डिस्क दिली तेव्हा मात्र पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा) शेवटपर्यंत सगळी प्रत नव्यानं तयार झाली. त्याला तासाच्या वर गेलं. टक्केवारी हळूहळू सरकत होती, शेजारी किती मिनिटं उरली ते येत होतं आणि व्हिडिओ त्या वेळातही चालूच होता. डिस्क बदलली, प्रत परत तयार झाली, आणि या सगळ्यात बाजूच्या पीसीवर बसलेल्या माणसाला काही कळलंही नाही. मला हवं होतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी रेड फाइव्ह, फ्रिजवरच्या कोटेशनमधलं. याला किमान तीन डिस्का लागतात. पाचशेच्या दोन आणि टीबीची एक लावली, तिलाही पाचशेचीच धरली. एकूण दीड हजारातून जागा मिळाली हजार जीबी. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते. चार डिस्का असत्या तर तिघींची मिळाली असती, पाच असत्या तर चौघींची. ही पॅरिटी काय भानगड आहे ते मला भाच्यानं वाण्याच्या बिलावर समजावलं. बिलावर तीन रकमा आणि खाली बेरीज आहे. पाणी सांडून एक रक्कम पुसली गेली तर बेरजेतून उरलेल्या वजा करून पुसलेली काढता येते. कुठलीही एक. दोन पुसल्या तर मात्र हात टेकायचे. मशीनमध्ये रकमेऐवजी शून्य आणि एक असतात आणि बेरजेऐवजी एवढंच बघतात की एक सम वेळा आले की विषम. एका डिस्कवर 1, दुसरीवर 0, तर पॅरिटी 1. पहिली डिस्क गेली तर दुसरीवरचा 0 आणि पॅरिटीचा 1 बघून गेलेला 1 होता हे निघतं. हीच बेरीज रेड फाइव्हमध्ये कुठल्या एका डिस्कवर साठवत नाहीत, आळीपाळीनं सगळ्यांवर पसरतात, म्हणजे लिहिताना एकाच डिस्कवर गर्दी होत नाही.

केबल काढली. व्हिडिओ चालू राहिला, पण या वेळी पीसीचा पंखा वाढला. गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक तुकडा आता दोन डिस्का वाचून, हिशोब करून, जागच्या जागी तयार होत होता. मग मी न विचारता दुसरी केबलही काढली. व्हिडिओ थांबला तो थांबलाच.

रात्री जेवताना भाच्यानं त्याच्या पाठ्यपुस्तकातला इतिहास सांगितला. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी 1988 साली हा विचार मांडला. तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरांना एकेक भली मोठी आणि महागडी डिस्क असायची. पीसीच्या छोट्या स्वस्त डिस्का पुष्कळ जोडल्या तर वेग आणि जागा दोन्ही मिळेल, पण डिस्का जितक्या जास्त तितकी त्यातली कुठली तरी बिघडण्याची शक्यता जास्त, तेव्हा बिघाड धरूनच रचना करायची, असा तो हिशोब. त्यांनी एक ते पाच असे प्रकार वर्णन केले होते. झीरो हे नाव मागाहून चिकटलं. त्यातले दोन, तीन, चार आता कुणी फारसं वापरत नाही. पुढे रेड सिक्स आलं, त्यात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पॅरिटी असल्यानं दोन डिस्का गेल्या तरी चालतं. आणि रेड टेन, म्हणजे वन आणि झीरो एकत्र. चार डिस्का, दोन जोड्या, जागा निम्मी, वेग चांगला.

मी म्हटलं, मग कॉम्प्युटरवाला चुकीचं काय म्हणाला? फाइव्हमध्ये जागाही जास्त मिळते. भाच्याचं म्हणणं मला पटलं ते असं. फाइव्हमधली एक डिस्क गेली की नवीन डिस्क भरताना उरलेल्या सगळ्या डिस्का पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. आठ-आठ टीबीच्या चार असतील तर चोवीस टीबी. साध्या डिस्कांच्या कागदावर लिहिलेलं असतं की दहाच्या चौदाव्या घाताएवढे बिट वाचताना एखादा सेक्टर न वाचता येण्याची शक्यता आहे. त्याचे होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्का त्यापेक्षा बऱ्या चालतात, पण चारही डिस्का एकाच दिवशी एकाच पेटीतून आलेल्या, एकाच वयाच्या, आणि पहिली गेल्यावर बाकीच्यांना दिवसभर जुंपायचं. नेमकी त्याच वेळी दुसरी मान टाकू शकते. शिवाय लिहिता लिहिता लाइट गेली तर तुकडा नवा आणि पॅरिटी जुनी अशी विसंगती राहू शकते. सांगलीत पावसाळ्यात लाइटचं काय सांगावं!

त्याच रात्री त्यानं मला अजून एक प्रयोग करायला लावला, आणि सगळ्यात जास्त मी त्यातून शिकले. रेड वन पुन्हा उभं केलं, दोन्ही यू जागेवर. "आता ते हळदीचं फोल्डर डिलीट कर." केलं. "आता एक डिस्क काढून दुसरीवर बघ, आहे का." कुठलं असणार? डिलीटसुद्धा दोन्हीकडे इमानदारीत लिहिलं गेलं होतं. फाइल कशाला म्हणतात हे रेडला माहीतच नाही. वरून आलेला तुकडा दोन ठिकाणी ठेवणं एवढंच त्याचं काम. एडिटरनं चुकून फोल्डर उडवलं, व्हायरसनं सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या, तर त्याच्याही दोन अचूक प्रती तयार होणार. "मामी, रेड म्हणजे बॅकअप नाही" हे वाक्य त्यानं आल्या दिवशी म्हटलं होतं, मला ते तोवर पाठ केलेलं वाटत होतं.

आणि सांगलीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली होते. ओळखीतल्या एका फोटोग्राफरकडे सगळं व्यवस्थित दोन-दोन प्रतींत होतं, एकाच टेबलावर. पाणी आलं तेव्हा दोन्ही प्रती एकदमच गेल्या. एका पेटीत शेजारी शेजारी बसलेल्या दोन डिस्कांना पूर, चोर, शॉर्टसर्किट एकच असतो.

म्हणून आमचं ठरलं ते असं: चार डिस्कांच्या बॉक्सचे पैसे घालायचे नाहीत. आठ टीबीच्या दोनच डिस्का, रेड वन, आणि वाचलेल्या पैशातून आठ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्का बॅकअपला. त्यातली एक स्टुडिओत, एक माझ्या माहेरी विट्याला. विट्याला दुष्काळ येतो, पूर येत नाही. कुणी माहेरी जाईल तेव्हा डिस्कांची अदलाबदल. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आमच्या धंद्यात आता बरेच जण म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. दोन प्रकारची माध्यमं काही आमच्याकडे झाली नाहीत, डिस्काच आहेत. पण गावाबाहेरची आहे.

खरेदीला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त डोकं लागलं. स्वस्त मोठ्या डिस्कांमध्ये बऱ्याचशा एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांच्यावरच्या लेखनाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, त्यामुळे मधली एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून ठेवायला चालतात, पण रेडमध्ये बदली डिस्क म्हणून घातल्या तर भरणं लांबत जातं, कधी रेड वैतागून ती डिस्क बादच ठरवतं. 2020 मध्ये नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्का अशा निघाल्यावर जगभर ओरड झाली होती. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, असं लिहिलंय का ते बघूनच घ्यायची. दुसरं म्हणजे, साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर सापडला की तो वाचायचा हट्ट पुष्कळ वेळ धरते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते, मग रेड दुसऱ्या प्रतीवरून वाचून घेतं. आणि दोन डिस्का एकाच पेटीतल्या नकोत, म्हणून एक मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणली, दुसरी पुण्यात तपकीर गल्लीतून. आमचे कॉम्प्युटरवाले थोडे नाराज झाले. यूपीएस त्यांच्याकडून घेतला, मग बोलायला लागले.

मदरबोर्डच्या बायोसमध्येही रेडचा पर्याय होता. भाच्यानं तो बंदच ठेवला. बोर्ड जळला तर तशाच जातीचा बोर्ड शोधत फिरावं लागेल. लिनक्सचं रेड असलं की डिस्का काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या तरी उभं राहतं. हे पण आम्ही करून बघितलं, त्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपला दोन यूएसबी डबे लावून. राहिलं. झेडएफएस, म्हणजे डिस्का जोडून फाइली ठेवायची दुसरी एक पद्धत, वापरायची का यावर त्याचं आणि माझं थोडं वाजलं. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज वेगळी जपतं, त्यामुळे दोन प्रतींमध्ये फरक निघाला तर खरी कुठली ते त्याला कळतं. साध्या रेड वनला फक्त फरक आहे एवढं कळतं. मुद्दा बरोबरच होता, पण तो परत गेल्यावर निस्तरायचं मला होतं. मला समजलेलं तेच ठेवलं.

नव्या डिस्का जोडल्यावर आत काहीच नसताना पहिली जुळणी रात्रभर आणि पुढे दुपारपर्यंत चालली. रेडला रिकामं-भरलेलं कळत नाही, सगळे सेक्टर सारखे करायचे म्हणजे करायचे. विंडोजवर जागा दिसली सव्वासात टीबी. आठ सांगून सव्वासात दिले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

दोन गोष्टींसाठी मी हटून बसले. एक, डिस्क गेली तर मला मेल आला पाहिजे, आणि तो येतो हे आधी खोटी सूचना पाठवून सिद्ध झालं पाहिजे. एक डिस्क गेलेलं रेड बाहेरून अगदी नीट चालतं. कुणी सांगितलं नाही तर दुसरी जाईपर्यंत पत्ता लागत नाही. दोन, प्रत्येक डिस्कच्या पुढ्यात तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लावायचे. जुनीच पांढरी टेप, तेच पेन. बिघडलेली समजून चांगली डिस्क ओढली तर खेळ खलास, आणि मशीन जे नाव सांगतं ते केबल बदलली की बदलतं. सीरियल बदलत नाही.

डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, शनिवारची मध्यरात्र उलटली की, दोन्ही डिस्का पूर्ण ताडून बघतं. ते रविवारी दुपारपर्यंत चालतं आणि एडिटर सर्व्हर हळू झाला म्हणून ओरडतो. ओरडू दे. कोपऱ्यातला कधी न उघडलेला सेक्टर खराब आहे हे अशा वेळीच कळतं.

मेल आला तो ऐन लग्नसराईत. आधी काही आठवडे एका डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, 197 नंबरची ओळ, म्हणजे वाचायला अवघड जाणारे आणि निकाल लागायचा राहिलेले सेक्टर, शून्यावरून वर सरकत होती. मग एका दुपारी तो कंस: एक यू, एक रेघ. बाहेर एडिटर दोघंही कामात, एकाचं टायटल चाललेलं, दुसऱ्याचा कलर. त्यांना मी सांगितलंच नाही. नवीन डिस्क शोधायच्या आधी शेवटच्या बॅकअपनंतर आलेलं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढलं, कारण एकट्या उरलेल्या डिस्कला बारा तास जुंपायच्या आधी तिच्यावरचं दुसरीकडे असलेलं बरं. सांगलीत सीएमआरची आठ टीबी मिळेना, पुण्याहून कुरिअरनं येईपर्यंत धाकधूक होती, नाही असं नाही. आली, टेपवरचे चार आकडे दोनदा वाचून जुनी काढली, नवी लावली, रात्री टक्केवारी सुरू केली. सकाळी बघते तो अजून ऐंशीच्या घरात. दुपारी दोन्ही यू परत आले.

राहिली ती काढलेली डिस्क. वॉरंटीत होती, बदलून मिळणार होती. पण रेड वनची एक डिस्क म्हणजे सगळ्या डेटाची अख्खी प्रत. रेड फाइव्हमधल्या एकटीवर निदान तुकडे तरी असतात. हिच्यावर दीड सीझनची लग्नं, लोकांच्या घरातल्या बायका-मुलांचे फोटो, बारशी, एक घरगुती साखरपुडा जो पुढे मोडला. तो डबा कुरिअरला द्यायला माझा हात होईना. भाचा फोनवर म्हणाला, पुसून पाठव. डिस्क अजून लिहून घेत होती, अडखळत. जुन्या पीसीला लावून शेवटपर्यंत शून्यं लिहायला लावली, त्यात पूर्ण एक दिवस गेला, आणि काही सेक्टरांनी लिहून घेतलंच नाही. तेवढ्या सेक्टरांतून एखादा फोटो पुरा निघणं अवघडच, म्हणून पाठवली. अजिबात सुरू न होणारी असती तर वॉरंटी सोडली असती आणि हातोडी घेतली असती, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत आहे.

बदली आलेल्या डिस्कवर रिसर्टिफाइडचं लेबल होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी दुरुस्त करून तपासलेली. जोडीत घातली नाही. टेप लावून कपाटात ठेवली आहे, पुढची जाईल तेव्हा पुण्याच्या कुरिअरची वाट बघायला नको. आणि पुढची जोडी लावू तेव्हा सुरुवातीलाच एन्क्रिप्शन टाकायचं ठरलंय. पासवर्ड कुणाकुणाकडे ठेवायचा यावर अजून घरात चर्चा चालू आहे. अण्णांचं म्हणणं, त्यांच्या निगेटिव्हच्या डब्यात.